हात गरम करणे, इयत्ता नववी

हँड वॉर्मर म्हणजे विस्तव, वीज किंवा चहा यांपैकी कशाचीही मदत न घेता हात गरम करणारी पुडी. तिच्या पोटात काही पदार्थ असतात, त्यांची आपसात गाठ पडली की उष्णता बाहेर पडते आणि पुडी मुठीत धरणाऱ्याच्या तळव्यांना ऊब येते. मराठीत या वस्तूला अजून नाव मिळालेले नाही. 'हस्तोष्णक' असा शब्द एखाद्या परिभाषा कोशाला सुचू शकेल, पण तो उच्चारायला इतके श्रम पडतील की मग पुडीची गरजच उरणार नाही. हात ओले करण्याची कला मराठी मुलखात जुनी आहे. हात गरम करण्यासाठी मात्र खास वस्तू विकत घ्यावी असे इथे कोणाला वाटले नाही. याचे कारण हवामानात आहे.

महाराष्ट्रात थंडी पडतच नाही असे नाही. निफाडला पारा एक आकडी उतरतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात येतो आणि द्राक्षबागायतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठले की ते बघायला पुण्याहून गाड्या निघतात आणि त्या घाट चढेपर्यंत ते वितळून जाते. उरलेल्या महाराष्ट्रात स्वेटर घातला जातो तो मुख्यतः कपाटातून काढलाच आहे म्हणून. शालेय विज्ञान प्रदर्शने बहुधा याच दिवसांत भरतात. दुपारचा एक वाजलेला असतो, वर पत्र्याचे छप्पर असते, आत तीनशे मुलांची गर्दी असते आणि त्या गर्दीत 'हँड वॉर्मर' अशी पाटी लावून दोन मुले घाम पुसत उभी असतात.

शेकण्याची विद्या मराठी घराला नवी नाही. कमरेला तापवलेल्या विटेचा शेक, दुखऱ्या कानाला तव्यावर भाजलेल्या मिठाची पुरचुंडी आणि अलीकडची गरम पाण्याची रबरी पिशवी ही सगळी एकाच घराण्यातली. या तिन्हींत उष्णता चुलीवर तयार होते. वीट, मीठ आणि पाणी तिची फक्त ने-आण करतात. काश्मिरी माणूस एक पाऊल पुढे जाऊन चूलच बरोबर घेतो. विणलेल्या टोपलीत मातीचे भांडे, भांड्यात निखारे आणि ती कांगडी फेरन नावाच्या झग्याच्या आत, पोटाशी. रासायनिक पुडीची जात निराळी. तिच्यात आधी तापवलेले काहीच नसते. उष्णता हातातच जन्माला येते.

ही करामत बाजारात आणली जपानने. तिथे १९२३ साली निइची माटोबा यांनी नॅफ्थाच्या वाफेवर चालणारा, प्लॅटिनमच्या साहाय्याने ज्योतीविना जळणारा धातूचा 'कैरो' काढला. (जपानीत कैरो म्हणजे अंगाशी बाळगायची शेगडी, इजिप्तच्या राजधानीशी तिचा संबंध नाही आणि लोणच्याशी तर नाहीच.) पुढे १९७८ मध्ये लोट्टे या कंपनीने लोखंडाच्या पुडीचा, वापरून फेकून देण्याचा कैरो विकायला काढला. ही कंपनी च्युइंगगमसाठी प्रसिद्ध. गोष्ट वाटते तितकी विचित्र नाही. खाद्यपदार्थ टिकावा म्हणून पाकिटात जी 'खाऊ नये' असे छापलेली लहानशी पुडी घालतात, तिच्या एका प्रकारात लोखंडाचीच पूड असते आणि ती पाकिटातला ऑक्सिजन पिऊन टाकते. पिताना ती थोडी गरम होते. ते थोडे वाढवले की धंदा तयार.

शाळेत ही पुडी शिरली ती बहुधा अमेरिकेतून. तिथल्या 'नेक्स्ट जनरेशन सायन्स स्टँडर्ड्स' या २०१३ च्या आराखड्यात माध्यमिक वयाच्या मुलांनी रासायनिक क्रियेने उष्णता देणारे किंवा शोषणारे साधन स्वतः बनवावे, तपासावे आणि सुधारावे असे कलमच आहे. ज्या देशात मुले बर्फ तुडवत शाळेत जातात तिथे असे कलम शोभते. बर्फ मागे ठेवून ते कलम एकटेच इकडे आले.

प्रकल्पाच्या वहीत पहिले शीर्षक असते 'उद्दिष्ट'. इथे बहुतेक जण 'हात गरम करणे' असे लिहून मोकळे होतात आणि पहिला गुण घालवतात. उद्दिष्टात आकडा हवा. समजा, ५० मिलिलिटर पाण्याचे तापमान २० अंशांनी वाढवायचे आहे. त्याला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. एवढे एक वाक्य वहीत असले की पुढचा सगळा प्रकल्प हिशेबाचा होतो आणि हिशेबाची वही मराठी परीक्षकाला नेहमीच भावते. याच वहीत कोणी खोडकरपणे चहाचाही हिशेब मांडू शकतो. ९० मिलिलिटरचा चहा ८० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत निवला तर तो सुमारे १३ किलोज्यूल देतो, म्हणजे उद्दिष्टाच्या तिप्पट, वर आले. हा हिशेब प्रदर्शनात मांडू नये.

उष्णता मिळवण्याच्या वाटा तीन: काही विरघळवणे, काही गंजवणे किंवा काही गोठवणे.

विरघळवण्याची वाट सर्वांत सोपी दिसते. तिचा पहिला पाठ प्रत्येक मराठी मोरीत रोज होतो. कपडे भिजवताना ओल्या तळहातावर धुण्याची पावडर घेतली की क्षणभर हात गरम लागतो. पावडरीतला कोरडा धुण्याचा सोडा पाण्याशी जुळवून घेताना उष्णता सोडतो, त्याचा हा परिणाम. धुणे धुणाऱ्या कोट्यवधी बायकांना उष्मादायी प्रक्रियेचा हा अनुभव आहे आणि त्यांच्यापैकी एकीलाही त्याबद्दल प्रमाणपत्र मिळालेले नाही. प्रकल्पात धुण्याच्या सोड्याऐवजी निर्जल कॅल्शियम क्लोराइड वापरतात, कारण ते दर ग्रॅमला सुमारे ०.७ किलोज्यूल देते. ठरलेल्या उद्दिष्टाला सहा ग्रॅम पुरतात.

निर्जल हा त्यातला कळीचा शब्द. कॅल्शियम क्लोराइडला पाण्याची तहान इतकी की ते हवेतली वाफही सोडत नाही. पावसाळ्यात कपाटातली दमट हवा सुकवायला जे डबे ठेवतात त्यांत बहुधा हेच असते. शाळेच्या प्रयोगशाळेतली बरणी कोण जाणे कोणत्या साली उघडली गेली, झाकण सैल राहिले आणि शाळा समुद्राकाठची असली तर बरणीत ढेकूळ निघते, ढेकळाखाली तळे निघते. त्या ढेकळाने भरपूर पाणी आधीच पिऊन घेतलेले असते. ते विरघळवले की उष्णता नावापुरती मिळते, आणि स्फटिकात पाण्याचे सहाही रेणू भरून झाले असतील तर द्रावण चक्क थंड होते. मुलांना वाटते प्रयोग चुकला. प्रयोग बरोबरच असतो. तो बरणीतच, दोन पावसाळ्यांपूर्वी झालेला असतो.

क्षार आपल्या मनाने निवडला तर आणखी मजा. ग्रामीण शाळेत घरातून सहज आणता येणारे रसायन म्हणजे युरिया. पांढरा, दाणेदार, पाण्यात झटकन विरघळणारा. तो विरघळताना उष्णता घेतो, देत नाही. पिशवी दाबताच हात गार पडतात. पोटॅशच्या खताचे तेच, औषधाच्या दुकानातल्या एप्सम सॉल्टचेही तेच. हुशार मुले अशा वेळी पाटी उलटी करून मागच्या बाजूला 'कोल्ड पॅक: खेळाडूंसाठी प्रथमोपचार' असे लिहितात. महाराष्ट्राच्या हवामानात हा प्रकल्प अधिक उपयोगी ठरतो, हे इथे नमूद करणे भाग आहे.

घरात आणखी एक पदार्थ असतो, आणि तो आणायचा मोह प्रत्येक तुकडीत एकाला तरी होतोच: कळीचा चुना. पाणी पडले की तो दर ग्रॅमला १.१ किलोज्यूलच्या आसपास उष्णता देतो, म्हणजे कॅल्शियम क्लोराइडहून बराच जास्त. चुना विरवताना हौदातून वाफा निघतात त्या यामुळेच. पण हा चुना डोळ्यात उडाला तर डोळा जातो. पानाला लावतात तो चुना विरवलेला असतो. त्याची रग उतरलेली असते. शिक्षकांनी कळीचा चुना दारातच थांबवावा.

आता पिशवी. बाहेरच्या जाड पिशवीत कोरडा क्षार, आतल्या पातळ पिशवीत पाणी. मूठ आवळली की आतली फुटावी आणि बाहेरची टिकावी, असा बेत. हे वाक्य लिहायला सोपे आहे. बाहेरून दुधाची धुतलेली पिशवी मेणबत्तीवर चिकटवलेली असते आणि आत पाणी भरलेला फुगा. मुलगा मूठ आवळतो. फुगा मुठीतल्या मुठीत सरकतो, एका बाजूने बोटांमधून डोके वर काढतो, दुसरीकडून दाबला की पहिल्या बाजूला जातो. मुलगा दुसरा हात लावतो. परीक्षक मान तिरकी करून पाहत असतात. मग मेणबत्तीवर चिकटवलेली कड सुटते, फुगा शाबूत राहतो आणि कॅल्शियम क्लोराइडचे पांढरे दाणे टेबलावर पसरतात. फुगा टेबलाच्या कडेवरून खाली पडतो आणि तिथे फुटतो. जमिनीवरचे पाणी आणि टेबलावरचा क्षार यांच्यात तीन फुटांचे अंतर उरते. एवढ्या अंतरावरून अभिक्रिया होत नाही.

दुसरी वाट गंजण्याची. हीच खरी हँड वॉर्मरची वाट, कारण दुकानात मिळणाऱ्या बहुतेक पुड्या याच. लोखंड ऑक्सिजनशी संयोग पावून गंजते तेव्हा दर ग्रॅमला सुमारे ७.४ किलोज्यूल उष्णता निघते, कॅल्शियम क्लोराइडच्या दसपट. मग कोकणातल्या घराचे फाटक हाताला गरम का लागत नाही? लागते, पण वीस-पंचवीस वर्षांत विभागून. चाळीस किलोचे फाटक पूर्ण गंजून जाईपर्यंत सुमारे ३०० मेगाज्यूल उष्णता सोडते. एवढी उष्णता मिळायला साडेसहा किलो एलपीजी जाळावा लागेल, म्हणजे घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरपैकी जवळजवळ निम्मा. घरमालकाच्या नकळत दारात अर्धा सिलिंडर जळून जातो आणि त्यावर साधा चहाही होत नाही. हँड वॉर्मर बनवणे म्हणजे फाटकाची ती पंचवीस वर्षे आठ तासांत बसवणे. सगळे कौशल्य घाई करण्यात आहे.

घाई करायची तर लोखंड बारीक हवे, म्हणजे हवा लागायला पृष्ठभाग भरपूर मिळतो. त्यात मीठ हवे, कारण खारट पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि गंजण्याला वेग येतो. कोकणातल्या फाटकाला हे ठाऊक आहे. कोळशाची पूड हवी, कारण ती ओल धरून ठेवते आणि सगळीकडे सारखी पोहोचवते. ऊब टिकवायला व्हर्मिक्युलाइट घालतात. गच्चीवर भाजी लावणाऱ्यांना ते रोपवाटिकेत मिळते. नसेल तर लाकडाचा भुसा चालतो. शालेय प्रमाण साधारण असे: लोहचूर्ण २५ ग्रॅम, मीठ आणि कोळशाची पूड लहान चमचाभर, भुसा मोठा चमचाभर आणि पाणी चमचाभर. पाण्याच्या बाबतीत हात सैल सोडू नये. जास्त झाले की पुडीचा चिखल होतो, लोखंडाच्या कणांवर पाण्याचे पांघरूण बसते, ऑक्सिजन आत जात नाही आणि मिश्रण मुकाट थंड राहते. पिठलं पातळ झालं तर बेसन लावता येतं. इथे तसली सोय नाही.

लोहचूर्ण आणायचे कुठून, हा या प्रकल्पातला खरा रोमांचक भाग. चुंबक दोरीला बांधून मैदानातून ओढत नेला की त्याला काळी पूड चिकटते. दोन दिवस, चार मुले, एक चुंबक असा खटाटोप करून वाटीभर पूड जमते. ती पूड म्हणजे प्रामुख्याने मॅग्नेटाइट, लोखंडाचे ऑक्साइड. तिचा आणि ऑक्सिजनचा विवाह लाखो वर्षांपूर्वी झालेला असतो. आता मीठ-पाणी शिंपडून पुन्हा वाजंत्री वाजत नाही. दुसरा मार्ग लेथच्या कारखान्याचा. तिथला कीस खऱ्या लोखंडाचा असतो, फुकट मिळतो आणि कारखानदार कौतुकाने वर चहाही पाजतो. पण त्या किसाला कटिंग ऑइल लागलेले असते आणि तेल लावण्याचा हेतूच मुळी लोखंड गंजू नये हा असतो. कीस साबणाच्या गरम पाण्यात दोन-तीनदा धुऊन, लगेच कोरडा करून घ्यावा लागतो. लगेच हा शब्द महत्त्वाचा, कारण धुऊन रात्रभर ताटात पसरून ठेवलेला कीस सकाळी तांबडा निघतो आणि आई ताटाबद्दल विचारते. राहता राहिला तो दुकानातून लोहचूर्ण विकत आणण्याचा मार्ग. यातच शहाणपण आहे, पण त्याचा अहवालात परिच्छेद होत नाही.

मिश्रण कापडाच्या किंवा सच्छिद्र कागदाच्या पिशवीत भरून शिवले आणि ती हवाबंद प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली की पुडी झोपी जाते. पाकीट उघडले की जागी होते. काही मिनिटांत ती ५० अंशांच्या पुढे जाऊ शकते आणि बाजारातली चांगली पुडी आठ-दहा तास ऊब देते. २० ग्रॅम लोखंड आठ तासांत गंजले असे धरले तर दर सेकंदाला पाच ज्यूल, म्हणजे मोबाइलच्या जुन्या, सावकाश चार्जरएवढी ताकद निघते. आठ तास पुष्कळ वाटतात. पण मुले उत्साहाने सकाळी सात वाजता घरीच 'एकदा बघू या' म्हणून पाकीट उघडतात. मग एसटीचा प्रवास, नोंदणी, मांडणी, पाहुण्यांची वाट. पाहुणे येतात, स्वागतगीत होते, दीपप्रज्वलन होते (दिवसभरातली ही एकमेव उष्मादायी प्रक्रिया जी ठरल्या जागी आणि टाळ्यांच्या गजरात पार पडते), शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगते, अध्यक्षीय समारोप, जेवण. परीक्षक हँड वॉर्मरच्या टेबलापाशी पोहोचतात तेव्हा घरची, अंदाजाने भुसा घालून केलेली पुडी गंजून, निवून, विटेसारखी कडक झालेली असते. मुलगा म्हणतो, "सर, सकाळी गरम होती." परीक्षकही कधी काळी मुले होते, ते लिहून घेतात.

तिसरी वाट गोठवण्याची. ती दिसायला सगळ्यांत देखणी. पारदर्शक पिशवीत स्वच्छ द्रव असतो, त्यात धातूची चकती. चकती टिचकन दाबली की तिच्यापासून पांढऱ्या सुया फुटतात, दोन-चार सेकंदांत सगळी पिशवी घट्ट होते आणि तापमान ५० अंशांच्या पुढे जाते. द्रव म्हणजे सोडियम ॲसिटेटचे अतिसंपृक्त द्रावण. या क्षाराचे पाणीदार स्फटिक ५८ अंशांना वितळतात, पण निवताना ते गोठायला विसरतात. साध्या खोलीच्या तापमानालाही द्रवच राहतात, वितळताना घेतलेला अप्रकट उष्मा पोटात धरून. एखादा स्फटिकाचा कण दिसला की त्यांना एकदम आठवण होते. लग्नाच्या पंगतीत कोणीच वाढप्याला हाक मारत नसते आणि एकाने मठ्ठा मागितला की सगळे द्रोण वर होतात, तसेच.

सोडियम ॲसिटेट घरी बनवता येते, असे सांगितले जाते आणि ते खरे आहे. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा. म्हणजे प्रदर्शनातला शेजारचा प्रकल्प, 'जागृत ज्वालामुखी', ज्या सामानावर चालतो तेच. ज्वालामुखीच्या तोंडातून जो लाल रंगाचा लाव्हा उतू जातो तो पातळ सोडियम ॲसिटेटच असतो. सोडा आणि व्हिनेगरची ही क्रिया उष्मा शोषणारी आहे, त्यामुळे लाव्ह्यात बोट घातले तर तो गार लागतो. गार लाव्हा दरवर्षी बक्षीस घेऊन जातो आणि हँड वॉर्मरवाले बघत राहतात.

घरी बनवण्याचा हिशेब असा. किराणा दुकानातल्या सिंथेटिक व्हिनेगरमध्ये ॲसिटिक ॲसिड ४ टक्के धरले, तर एक लिटरला सुमारे ५६ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. फेस बसू द्यायचा, मग द्रावण स्टीलच्या पातेल्यात आटवायचे. एक लिटरचे आटवत-आटवत जेमतेम ९० ग्रॅम पाणीदार क्षार हाती लागतो. बाकी नऊशे-साडेनऊशे ग्रॅम पाणी वाफ होऊन स्वयंपाकघरात, पडद्यांत आणि शेजाऱ्यांच्या नाकात जाते. संध्याकाळी घरी येणारा माणूस दारातच "लोणचं नासलं का?" असे विचारतो. एवढे पाणी उडवायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता खर्च होते आणि तयार झालेली पिशवी गोठताना साधारण २४ किलोज्यूल परत देते. शंभराला एक. हा व्यवहार भिशीतही कोणी मान्य करणार नाही. तरी एकदा बनवलेली पिशवी शेकडो वेळा वापरता येते, म्हणून हिशेब दीर्घ मुदतीचा धरावा.

इथली ठरलेली चूक म्हणजे खाण्याच्या सोड्याऐवजी बेकिंग पावडर आणणे. डबे सारखे दिसतात, नावे जवळची. बेकिंग पावडरमध्ये स्टार्चही असते. ती व्हिनेगरमध्ये घालून आटवली की स्फटिकांऐवजी खळ तयार होते. तिने तक्ता पुठ्ठ्यावर उत्तम चिकटतो.

द्रावण नेण्याचीही तऱ्हा आहे. बाटलीच्या झाकणाच्या आट्यांत वाळलेला एक कण राहिला तर तो खड्ड्यागणिक सुटण्याच्या तयारीत असतो. एसटी थांब्यापासून थांब्यापर्यंत जाते, कण आत पडतो आणि मांडीवरची बाटली भर प्रवासात पांढरी, घट्ट आणि गरम होते. प्रात्यक्षिक अत्यंत यशस्वी होते. साक्षीदार मात्र कंडक्टर.

तापमान मोजण्यासाठी अमेरिकन कृतीत दोन थर्मोकोलचे पेले एकात एक ठेवायला सांगतात. थर्मोकोल उष्णता बाहेर जाऊ देत नाही. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने असल्या पेल्यांवर बंदी आली. म्हणून स्टीलचा लहान पेला मोठ्या पेल्यात ठेवून मधे कापूस कोंबावा आणि वर पुठ्ठ्याचे झाकण घालावे. तापमापी प्रयोगशाळेची घ्यावी. ताप बघायची पाऱ्याची तापमापी ४२ अंशांपर्यंतच असते; ती ५५ अंशांच्या पुडीत खुपसली तर फुटते आणि पारा वेचत बसणे हा वेगळाच प्रकल्प होतो. दर मिनिटाला तापमान लिहून आलेख काढावा. आलेख उतरणीचा आला तरी लाजू नये. सरळ चढत जाणारा आलेख आदल्या रात्री काढलेला असतो, हे परीक्षकांना कळते.

मग येतो तो प्रश्न. महाराष्ट्रातल्या शालेय प्रकल्पांचे उपयोगाच्या दृष्टीने दोनच प्रकार आहेत: शेतकऱ्यासाठी आणि जवानासाठी. जे शेतकऱ्याला जोडता येत नाही ते जवानाला जोडतात. हँड वॉर्मरला पर्यायच नाही.

"याचा उपयोग काय, बाळ?" परीक्षक गुणपत्रिकेने वारा घेत विचारतात.

"सियाचीनच्या जवानांसाठी, सर."

"बरं. सियाचीनला हवा कशी असते?"

"थंड, सर."

"आणि?"

या 'आणि'पाशी निम्मे गट गळतात. हवा विरळ असते. साडेपाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो, म्हणजे पुडीला ऑक्सिजनही निम्माच मिळतो, आणि जी पुडी ऑक्सिजनवर जगते ती तिथे मरगळते. चकतीच्या पिशवीला ऑक्सिजन लागत नाही. पण ती अर्ध्या-पाऊण तासात निवते आणि पुन्हा चालू करायची तर उकळते पाणी लागते. ज्या गटाने हे आधीच वहीत लिहून ठेवले आहे त्याचा नंबर यायला हवा. येत नाही, पण यायला हवा. ज्वालामुखी नुसता फसफसतो आणि पवनचक्की टेबलफॅनसमोर फिरते. हँड वॉर्मरवाल्या मुलांनी मात्र ज्यूल मोजलेले असतात, आणि हरलेले असले तरी किती ज्यूलने हरले ते त्यांना सांगता येते.

सुरक्षिततेचे दोन शब्द. पुडी नुसत्या कातडीला तासन्‌तास लावून ठेवू नये. ४५ अंश हे भाजण्याचे तापमान वाटत नाही, पण बराच वेळ लागून राहिले तर तेही भाजते आणि झोपेत कळत नाही. म्हणून ती मोज्यात किंवा कापडात गुंडाळून वापरावी. कॅल्शियम क्लोराइडचे हात डोळ्याला लावू नयेत.

प्रदर्शन संपल्यावर टेबल रिकामे करावे लागते. गंजलेली लोखंडी पुडी सुक्या कचऱ्यात टाकावी. तिच्यात मीठ असल्याने ती तुळशीत रिकामी करू नये. कॅल्शियम क्लोराइडचे पाणी भरपूर पाण्यासोबत मोरीत सोडावे; ते वाळेल म्हणून ताटात ठेवले तर दमट हवेत ते वाळत नाही, वाढते. सोडियम ॲसिटेटची घट्ट झालेली पिशवी उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवावी आणि एकही पांढरा कण उरला नाही याची खात्री करून, न हलवता निवू द्यावी. मग ती पुन्हा नव्यासारखी होते आणि पुढच्या वर्षी धाकट्या भावाला चालते. पुठ्ठ्यावरचे साल तेवढे बदलावे लागते.